पाच वर्षं न जेवलेला समुद्री जीव आणि त्याचे यवतमाळमधले नातेवाईक

जपानमधल्या तोबा शहरात एक मोठं मत्स्यालय आहे. सप्टेंबर २००७ मध्ये तिथे मेक्सिकोजवळच्या समुद्रातून एक पाहुणा आला. लांबी २९ सेंटीमीटर, वजन साधारण एक किलो, चौदा पाय आणि अंगावर चिलखतासारखे पट्टे. त्याचं नाव ठेवलं होतं ‘नंबर वन’.

२ जानेवारी २००९ ला या नंबर वनने एक छोटा मासा खाल्ला. त्यानंतर त्याने जेवणच सोडलं. कर्मचारी त्याच्यासमोर मासे ठेवायचे, तो जवळ यायचा, तोंड लावल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. दिवस गेले, महिने गेले, वर्षं गेली. शेवटी १४ फेब्रुवारी २०१४ ला तो मेला. म्हणजे पाच वर्षं आणि ४३ दिवस तो न खाता जगला.

त्याचं पोट उघडून पाहिलं तेव्हा आत अन्न नव्हतं, फक्त तपकिरी द्रव होता. आणि गंमत म्हणजे त्याचं वजन आला तेव्हा होतं जवळपास तेवढंच होतं. उपासमारीने माणूस वाळतो, जनावर वाळतं. हा वाळला नाही. त्या द्रवात यीस्टसारखे सूक्ष्मजीव दिसले होते, त्यावरून बऱ्याच गोष्टी रंगवून सांगितल्या गेल्या. पण त्या सूक्ष्मजीवांनीच त्याला जगवलं, असं काही सिद्ध झालेलं नाही.

तुमच्या फीडवरही हा प्राणी कधी ना कधी येऊन गेला असेल. फिकट जांभळट रंगाचा, एलियनसारख्या डोळ्यांचा, कोणाच्या तरी दोन्ही हातांत मावत नसलेला मोठा ‘किडा’. खाली कमेंट असतात, ‘हे एआयने बनवलंय’. तर नाही, हा खरा आहे. याचं नाव जायंट आयसोपॉड. शास्त्रीय भाषेत बॅथिनोमस.

हा किडा नाही, मग आहे कोण?

हा कीटक नाही. तो खेकडा, कोळंबी, झिंगे यांच्या कुळातला, म्हणजे कवचधारी प्राणी आहे. त्यातही त्याचा गट आयसोपॉड. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सारखे पाय असलेला’. खेकड्याचे पुढचे दोन पाय नांग्या झालेले असतात, आयसोपॉडचे सातही जोड्यांचे पाय साधारण एकसारखे दिसतात.

आणि इथे यवतमाळचा संबंध येतो. यवतमाळपासून समुद्र कोणत्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब. पण पावसाळ्यात अंगणातली ओली कुंडी उचला, न्हाणीमागची वीट सरकवा किंवा शेताच्या बांधावरचा कुजका पाला बाजूला करा. राखाडी रंगाचे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, बरेच पाय असलेले जीव लगबगीने पळताना दिसतील. त्यातल्या काही जाती हात लावला की गोळी होऊन बसतात. लहानपणी ती गोळी तळहातावर घेऊन खेळलेली मंडळी पुष्कळ असतील. तेही आयसोपॉडच. कोळंबीच्या नात्यातला हा गट जमिनीवर चढला आणि तिथेच स्थायिक झाला. म्हणूनच त्याला ओल लागते. तो श्वास घेतो तो मागच्या बाजूच्या चपट्या पायांतून, आणि ते पाय सुकले तर त्याचा जीव गुदमरतो.

समुद्रातला दांडगा भाऊही नेमका तसाच श्वास घेतो. शेपटीखालच्या चपट्या पायांनी तो पोहतो आणि त्याच पायांतून पाण्यातला ऑक्सिजन घेतो. दोघांचा साचा एकच. फरक आहे आकाराचा. कुंडीखालचा एक-दीड सेंटीमीटरचा. समुद्रातला ३० सेंटीमीटरच्या शाळेच्या फूटपट्टीएवढा, कधी त्याहून मोठा. (अडीच फुटी आयसोपॉडचा फोटो फिरतो तो जपून घ्या. शास्त्रीय नोंदींमधले सगळ्यात मोठे नमुने ५० सेंटीमीटरच्या आसपासचे आहेत. तेही काही कमी नाही.)

हे कुळ किती जुनं आहे, याचा अंदाज यवतमाळकरांना वणीवरून येईल. वणी परिसरातला कोळसा ज्या झाडापाल्यातून तयार झाला, ती झाडं साधारण २७ ते २८ कोटी वर्षांपूर्वी दलदलीत उभी होती. सगळ्यात जुना ज्ञात आयसोपॉड जीवाश्म अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सापडला, त्याचं वय सुमारे ३० कोटी वर्षं. म्हणजे वणीचा कोळसा झाड होता, त्याच्याही आधीपासून आयसोपॉड पृथ्वीवर आहेत.

पहिल्यांदा सापडला कुठे?

एकोणिसाव्या शतकात बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की समुद्रात काही शे मीटर खाली गेलं की जीवसृष्टी संपते. ना उजेड, ना अन्न, वर पाण्याचा प्रचंड दाब. तिथे कोण राहणार? हा समज मोडायला सुरुवात झालीच होती, तेवढ्यात १८७८ मध्ये मेक्सिकोच्या आखातात खोलवरून एक भलामोठा आयसोपॉड जाळ्यात वर आला. १८७९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अल्फॉन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याला बॅथिनोमस जायगँटियस हे नाव दिलं. खोल समुद्र रिकामा आहे, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारण्यासारखा हा पुरावा होता.

भारताचा नंबर यात बराच लवकर लागतो. सर्वेक्षणासाठी फिरणाऱ्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजाने १८९० च्या सुमारास बंगालच्या उपसागरातून असाच प्राणी वर काढला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये हे नमुने पोचले. १९०८ मध्ये आर. ई. लॉईड यांनी त्याच्या शरीराच्या आतल्या रचनेचं तपशीलवार वर्णन म्युझियमच्या संशोधनपत्रिकेत छापलं. खोल समुद्रातल्या या जीवाच्या शरीररचनेवरचा सुरुवातीचा महत्त्वाचा अभ्यास भारतात झालाय, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

फक्त एक गडबड होती. त्या काळी या सगळ्यांना जायगँटियसच समजलं गेलं. पुढे शंभरेक वर्षांनी, २००६ मध्ये, लोअरी आणि डेम्प्सी या संशोधकांनी हिंदी आणि प्रशांत महासागरातले नमुने पुन्हा तपासले आणि सांगितलं की जायगँटियस अटलांटिकच्या बाजूचा आहे, आपल्याकडचा वेगळा. भारताजवळच्या समुद्रातल्या जातीला त्यांनी बॅथिनोमस किएबली असं नाव दिलं.

नावांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. २०१८ मध्ये जावा बेटाच्या दक्षिणेला सिंगापूर आणि इंडोनेशियाच्या शास्त्रज्ञांनी मोहीम काढली. तिथे मिळालेल्या एका मोठ्या जातीचं २०२० मध्ये बारसं झालं, बॅथिनोमस राक्षसा. इंडोनेशियन भाषेत ‘राक्षसा’ म्हणजे अवाढव्य. शब्द अर्थातच संस्कृतातून गेलेला. या सगळ्या नावांत मराठी माणसाला न समजावता कळणारं हेच.

इतका मोठा का?

आता मूळ प्रश्न. बॅथिनोमस राहतो साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून दोन हजार मीटरहून खोलवर. एक हजार मीटरवर पाण्याचा दाब आपल्याकडच्या हवेच्या दाबाच्या शंभर पट असतो. पाणी फ्रीजमधल्यासारखं थंड, चार अंशांच्या आसपास. सूर्यप्रकाश पोचत नाही म्हणून वनस्पती नाहीत. खायला मिळतं ते वरून पडणारं. मेलेला मासा, माखळी, कधी नशिबाने आख्खा देवमासा.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानाच्या संशोधकांनी मेक्सिकोच्या आखातात सुमारे दोन किलोमीटर खोल मेलेल्या मगरी (तिकडच्या अ‍ॅलिगेटर) वजनं बांधून सोडल्या. कोण येतं खायला, हे बघायचं होतं. एक दिवस उलटायच्या आत जायंट आयसोपॉड हजर. मगरीची जाड कातडी फोडून ते आत शिरले आणि इतकं खाल्लं की हलणंही मुश्कील झालं.

म्हणजे नंबर वनचं गणित इथे उलगडायला लागतं. खालच्या जगात पुढचं जेवण कधी मिळेल याचा नेम नाही. मिळालं की ठासून भरायचं आणि मग ते पुरवून पुरवून वापरायचं. मोठं शरीर इथे कामाला येतं. मोठ्या प्राण्याला दर किलो वजनामागे लहान प्राण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते, साठवायला जागा जास्त मिळते आणि पुढच्या मढ्यापर्यंत लांबवर चालत जाता येतं. थंडीमुळे शरीराचा सगळा कारभारच संथ चालतो. खोल समुद्रातले बरेच प्राणी त्यांच्या उथळ पाण्यातल्या भावंडांपेक्षा मोठे का होतात, याची अशी अनेक कारणं शास्त्रज्ञ देतात. एकच एक कारण सगळ्यांना लागू होत नाही.

पण ‘मोठं असणं फायद्याचं आहे’ हे झालं का. ‘मोठं झालं कसं’ याचं उत्तर जनुकांत शोधावं लागतं.

५८९ कोटी अक्षरांची पोथी

२०२२ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण चीन समुद्रातल्या बॅथिनोमस जेम्सी या जातीचा संपूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. जीनोम म्हणजे शरीर घडवण्याच्या सूचनांची आख्खी पोथी, फक्त चार अक्षरांत लिहिलेली. या पोथीत निघाली सुमारे ५८९ कोटी अक्षरं. माणसाच्या पोथीत ती ३१० कोटींच्या आसपास आहेत. जमिनीवरच्या, गोळी होणाऱ्या एका युरोपीय आयसोपॉडच्या जीनोममध्ये १७२ कोटी.

म्हणजे हा माणसापेक्षा गुंतागुंतीचा? अजिबात नाही. यवतमाळच्या शेतातली कपाशीच घ्या. आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीचा जीनोम सुमारे अडीचशे कोटी अक्षरांचा आहे, माणसाच्या जवळपास जाणारा. त्यातला मोठा भाग बोंड कसं धरायचं, धागा कसा काढायचा याच्या सूचनांचा नसतोच. तो असतो ‘उड्या मारणाऱ्या’ तुकड्यांचा. हे डीएनएचे तुकडे स्वतःच्या नकला काढतात आणि त्या पोथीत दुसऱ्या पानावर नेऊन चिकटवतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी तोच गुड मॉर्निंगचा फोटो पन्नास जणांनी टाकावा आणि फोनची मेमरी भरावी, तसं. बॅथिनोमस जेम्सीच्या पोथीचा सुमारे ८४ टक्के भाग असल्या तुकड्यांनी व्यापलाय. प्रसिद्ध झाला तेव्हा तो वाचल्या गेलेल्या कवचधारी प्राण्यांतला सगळ्यात मोठा जीनोम होता. पुढच्याच वर्षी अंटार्क्टिक क्रिल या बोटभर झिंग्यासारख्या जीवाने ४,८०० कोटी अक्षरांसह तो विक्रम मोडला. त्यामुळे जीनोमच्या जाडीवरून शरीराचा आकार ठरत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कामाची माहिती उरलेल्या भागात आहे. उथळ पाण्यातल्या नातेवाइकांशी तुलना केली तेव्हा शास्त्रज्ञांना दिसलं की इन्सुलिन आणि थायरॉइड यांच्या संदेशांशी संबंधित जनुकांच्या प्रती बॅथिनोमसमध्ये वाढलेल्या आहेत. इन्सुलिन म्हटलं की आपल्याला घरातल्या कोणाची तरी शुगर आठवते. पण इन्सुलिनसारखे संदेश प्राणिसृष्टीत फार जुने आहेत आणि ‘अन्न आलंय, आता वाढ’ हा निरोप पेशींना देणं हे त्यांचं मूळ कामांपैकी एक. आयसोपॉडला थायरॉइड ग्रंथी नसते, तरी त्या संदेशसाखळीतली जनुकं असतात. ही जनुकं कात टाकण्याच्या काळात कमी-जास्त प्रमाणात चालू होतात, असंही दिसलं. कवचधारी प्राणी कात टाकल्याशिवाय वाढूच शकत नाही, त्यामुळे हा धागा महत्त्वाचा आहे. आयसोपॉड कात टाकतात तीही अर्धी-अर्धी. आधी मागच्या अर्ध्या भागाची, मग पुढच्या.

दुसरी गोष्ट चरबीची. या प्राण्याच्या शरीरात चरबी भरपूर साठते, आणि ती जाळण्याची यंत्रणा मंद आहे. आपल्याकडे याला आजार म्हणतील. तिथे तोच आयुर्विमा. तोब्याच्या नंबर वनने पाच वर्षं जेवण नाकारलं आणि तरी तो चालत-फिरत होता, त्यामागे बहुधा हेच संथ आणि काटकसरी चक्र असावं.

आयसोपॉडच्या जनुकांची एक भन्नाट गोष्ट जमिनीवरच्या भावाकडे आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. युरोपातल्या बागांत सापडणाऱ्या आर्मॅडिलिडियम वल्गारे या जातीत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो. तो आईकडून अंड्यांतूनच पुढच्या पिढीत जातो, नरातून नाही. मग त्याला नर काय कामाचे? तो जनुकांनी नर असलेल्या पिल्लांचंच मादीत रूपांतर करतो. त्याहून पुढची पायरी २०१६ मध्ये उघड झाली. या जिवाणूच्या जीनोमचा मोठा तुकडा एका वंशात थेट आयसोपॉडच्या गुणसूत्रात जाऊन बसलाय आणि तिथे तो मादी ठरवणाऱ्या गुणसूत्राचं काम करतोय. बाहेरून आलेला पाहुणा घराचा कारभारी झाला.

बोंडअळी आणि बॅथिनोमस

कपाशीचा विषय निघाला की यवतमाळमध्ये बोंडअळीचा निघतोच. गुलाबी बोंडअळीची एक पिढी साधारण महिना-दीड महिन्यात पूर्ण होते. एक मादी शंभरावर अंडी घालते. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बोलगार्ड-२ आली, आणि दहा वर्षांच्या आत गुलाबी बोंडअळीने दोन्ही विषं पचवायला सुरुवात केली. तिच्या आतड्यातल्या ज्या प्रथिनांना बीटीचं विष चिकटतं, त्या प्रथिनांच्या जनुकांतच बदल झाले. हा बदल झालेल्या अळ्या जगल्या, बाकीच्या मेल्या, पुढची पिढी जगलेल्यांची. २०१७ चा हंगाम यवतमाळ विसरलेलं नाही. बोंडअळीने पीक खाल्लं, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

हे इथे सांगायचं कारण, बॅथिनोमस या बाबतीत बोंडअळीच्या बरोबर उलट टोकाला आहे. त्याची अंडी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास मोठी, समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांमध्ये सगळ्यात मोठ्यांपैकी. मादी ती पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, कांगारूसारखी. त्या काळात ती बहुधा खात नाही, चिखलात दडून राहते. म्हणूनच आमिषाच्या सापळ्यात अशी मादी क्वचितच येते. पिशवीतून बाहेर पडणारं पिल्लू आईची छोटी प्रतिकृती असतं, फक्त पायांची शेवटची जोडी यायची बाकी असते.

कोळंबीची पिल्लं प्रवाहाबरोबर तरंगत दूरदूर जातात. बॅथिनोमसची जात नाहीत. ती तळावरच चालत मोठी होतात. एखाद्या भागातले सगळे पकडले गेले, तर ती जागा भरायला शेजारच्या भागातून पायी येण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. आणि पिढी इतकी संथ की बोंडअळीसारखं भराभर बदलून संकटावर मात करणं याच्या आवाक्यात नाही. वेगवेगळ्या समुद्रांत वेगवेगळ्या जाती का तयार झाल्या, याचंही हे एक कारण असावं. आज अशा वीसेक जाती माहीत आहेत.

ताटात आलेला राक्षस

गेल्या काही वर्षांत व्हिएतनाममध्ये जायंट आयसोपॉड हा महागडा पदार्थ झालाय. आधी मासेमार तो जाळ्यात चुकून आलेला माल म्हणून स्वस्तात विकायचे. मग सोशल मीडियावर व्हिडिओ फिरले, लॉबस्टरसारखी चव म्हणून जाहिराती झाल्या, हनोईच्या हॉटेलांत जिवंत आयसोपॉड टाक्यांत दिसू लागले. शिजवायचा कसा, याच्याही पोस्ट निघाल्या.

२०२२ मध्ये तिथल्या क्वी न्होन शहरातून काही नमुने हनोईच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी विकत घेतले आणि सिंगापूरच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तपासणीत कळलं, यातली एक जात विज्ञानाला नवीनच आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिला नाव मिळालं बॅथिनोमस वेडरी. डोकं ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ वेडरच्या शिरस्त्राणासारखं दिसतं म्हणून. लांबी साडेबत्तीस सेंटीमीटर, वजन एक किलोच्या वर. बाजारात ती खपत होती दुसऱ्याच जातीत मिसळून. ती दुसरी जात म्हणजे बॅथिनोमस जेम्सी, जिचा जीनोम वाचला गेला तीच.

असं मिसळणं नवीन नाही. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या युकातानजवळ पकडलेला एक आयसोपॉड जपानच्या एनोशिमा मत्स्यालयात जायगँटियस म्हणून ठेवला होता. अंगाची ठेवण आणि मिशांचे सांधे नीट पाहिले, डीएनए जुळवून बघितला, तेव्हा तो वेगळाच निघाला. २०२२ मध्ये त्याचं नाव झालं बॅथिनोमस युकातानेन्सिस. प्राण्याची अशी चुकीची ओळख मत्स्यालयात झाली तर फक्त पाटी बदलावी लागते. मासळीबाजारात झाली तर कोणती जात किती पकडली जातेय आणि किती उरलीय, हे मोजताच येत नाही. दोन जाती एका टोपलीत विकल्या गेल्या, तर त्यातली दुर्मीळ जात संपल्याचं टोपलीकडे बघून कळणार नाही.

आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरून खोल पाण्यातल्या कोळंबीसाठी ट्रॉलर जातात, तेही काही शे मीटर खोल, म्हणजे बॅथिनोमस राहतो त्या पट्ट्यात. भारतीय ताटात तो अजून आलेला नाही. पण व्हिएतनाममध्येही तो आधी चुकून आलेला स्वस्त मालच होता, आणि रील व्हायरल व्हायला एक रात्र पुरते. त्याच्या अंड्याचं पिल्लू होऊन ते मोठं व्हायला मात्र एका रात्रीत काही होत नाही.